माझ्या पाण्यात बोल

मित्रांनो, मी एक जुनी पाणघडी आहे. कुंडी नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण माझ्या आयुष्यातली साडेतीन वर्षं लोकांनी मला कुंडी समजण्यात घालवली आणि तो अपमान मी अजून गिळलेला नाही.

दिसायला मी मातीची, लालसर, बादलीच्या आकाराची. माझ्या तळाशी एक छोटी चोच आहे आणि त्या चोचीत ब्राँझची बारीक नळी बसवलेली आहे. काठाच्या जरा खाली आणखी एक भोक आहे. कुणी आपल्या माणसासाठी माझ्यात जास्तीचं पाणी ओतायला गेलं तर ते तिथून बाहेर पडावं, एवढंच त्याचं काम. मला उंच पाटावर ठेवतात, माझी जुळी बहीण खाली बसते, आणि माझ्यातलं पाणी धारेनं तिच्यात पडत राहतं. ते संपायला बरोबर सहा मिनिटं लागतात. त्या सहा मिनिटांत एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. पाणी संपलं की बोलणं संपलं, मग बोलणारा कितीही मोठा असो. माझ्या पोटावर दोन फुल्या कोरलेल्या आहेत. दोन मापं पाणी, असा त्यांचा अर्थ. पण मुलं त्या बघून म्हणतात, "हिचं गणित दोनदा चुकलंय." म्हणोत बापडी.

माझा जन्म दोह्यात, अल दुहैलमधल्या एका कंपाउंडमध्ये झाला. मला घडवणाऱ्या स्टाव्रुलाबाई ग्रीसच्या. सिफनोस नावाच्या बेटावर त्यांचं कुंभाराचं घराणं, पण त्यांनी नोकरी केली इतिहासाच्या शिक्षिकेची. तिकडे देश आर्थिक संकटात सापडला, शाळा एकमेकींत विलीन झाल्या आणि बाईंना घरी बसावं लागलं. मुलगा इथे इंजिनिअर होता, त्याच्याकडे त्या आल्या. पण कुंभाराच्या लेकीचे हात गप्प बसतात होय? त्यांनी गॅरेजमध्ये चाक मांडलं. शेजारी राहणाऱ्या, मूळच्या नाशिकच्या शैलजाकाकू त्यांच्याकडे माती मळायला शिकायला येऊ लागल्या, आणि एकीकडे हात चालत असताना दुसरीकडे बाईंची गोष्ट चाले. ती सगळी मी ओली असताना ऐकली आहे. ओल्या मातीवर पडलेलं काहीच पुसत नाही.

माझ्या खापरपणजीचं गाव अथेन्स. मातीच्या भांड्याच्या तोंडी खापरपणजी शोभते, हसू नका. अडीच हजार वर्षांपूर्वी तिथल्या कोर्टात वकील उभे राहत नसत. ज्याचं भांडण, त्यानंच बोलायचं. समोर पंच म्हणून शेकडो साधे नागरिक, तेही त्याच दिवशी चिठ्ठ्या काढून निवडलेले, म्हणजे आदल्या रात्री कुणाला गाठून ठेवायची सोय नाही. दोन्ही बाजूंना पाणी सारखं. साक्षीदाराचा जबाब वाचायचा असला की चोच बंद करून पाणी थांबवायचं. एक रीत सांगताना तर बाईंचं चाक थांबायचं. आपली बाजू खरी आहे अशी खात्री असलेला माणूस भर कोर्टात विरोधकाला म्हणायचा, "तुझ्याकडे अजून काही असेल तर माझ्या पाण्यात बोल!" म्हणजे माझ्या वाट्याचा वेळ घे, पण बोल.

पण बाई इतिहास शिकवणाऱ्या होत्या, आरती ओवाळणाऱ्या नव्हेत. त्याच अथेन्सात बायकांना कोर्टात स्वतः उभं राहता येत नसे. गुलामाचा जबाब त्याचा छळ करून घेत. परगावाहून पोटासाठी आलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथे राबली, तरी सभेत त्यांना जागा नव्हती. म्हाताऱ्या सॉक्रेटिसाला विषाचा पेला दिला तो अशाच शेकडो पंचांनी, आणि वेळ अपुरा पडला अशी त्याचीही तक्रार होती. "पाणी सारखं असलं म्हणजे निकाल बरोबर लागतो असं नाही, शैलजा," बाई म्हणायच्या, "पण एकाला पाणीच नसेल, तर त्याला निकाल कोण म्हणेल?"

पुढे मॅसिडोनियाचे राजे आले, रोमन आले, कॉन्स्टँटिनोपलचे सम्राट झाले, मग सुमारे चारशे वर्षं ऑटोमन सुलतानांचा अंमल. १८२१ साली ग्रीक लोक उठले, रक्त सांडून स्वतंत्र झाले आणि त्यांच्या पदरात काय पडलं? बड्या राष्ट्रांनी बव्हेरियातून आणून बसवलेला सतरा वर्षांचा राजा! लोकांनी दहा वर्षं वाट पाहिली. मग राजवाड्यासमोरच्या चौकात जमले आणि राज्यघटना मागून घेतली. त्या चौकाचं नावच राज्यघटना चौक पडलं. बायकांना मताचा पूर्ण हक्क मिळायला मात्र १९५२ साल उजाडलं. माझ्या खापरपणजीला हे कळलं असतं तर तिनं कपाळावर हात मारला असता.

१९६७ साली लष्करातल्या कर्नलांनी सत्ता बळकावली तेव्हा स्टाव्रुला आठ वर्षांची होती. तिचे वडील कॉफीच्या दुकानात एवढंच म्हणाले, "शिपायांनी बराकीत राहावं." दुसऱ्या आठवड्यात त्यांना उचलून एका उजाड बेटावर नेऊन टाकलं. खटला नाही, पंच नाहीत, पाणी नाही. अडीच वर्षांनी ते परत आले तेव्हा घरातसुद्धा बोलेनासे झाले होते. पोरगी समोर बसायची, ते चाक फिरवत राहायचे. १९७३ साली अथेन्सच्या पॉलिटेक्निकमध्ये विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हातानं रेडिओ केंद्र उभं केलं, तर सैन्यानं फाटकावर रणगाडा घातला. पुढच्या उन्हाळ्यात कर्नल गेले. त्या दिवशी वडिलांनी चाक थांबवलं आणि लेकीला सगळी हकीकत सांगितली.

"किती वेळ बोलले?" शैलजाकाकूंनी विचारलं.

"कुणी मोजलं नाही," बाई म्हणाल्या, आणि माझ्या काठावरून ओला अंगठा फिरवत राहिल्या.

माझी पहिली काही वर्षं राणीसारखी गेली. शैलजाकाकू मुऐदरमधल्या एका व्हिलाच्या हॉलमध्ये शुक्रवारी मुलांचा मराठीचा वर्ग घेतात. तिथे वर्षातून एक दिवस अथेन्सचं कोर्ट भरू लागलं. खटला मुलांनी घालायचा आणि तो मोठ्यांवर. आईनं न विचारता डायरी वाचली, बाबा जेवताना फोन बघतात, असले खटले. निकाल कुणावर बंधनकारक नव्हता, पण मोठ्या माणसाला येऊन उभं राहावं लागे आणि मुलाला जेवढं पाणी तेवढ्याच पाण्यात उत्तर द्यावं लागे. मी किती आया पदर सावरताना पाहिल्या आहेत आणि किती साहेबांना घाम फुटलेला पाहिला आहे! सगळे माझं कौतुक करत. कुणी माझ्याबरोबर फोटो काढून घेई.

मग स्टाव्रुलाबाई आपल्या बेटावर परत गेल्या. जाताना त्यांनी मला शैलजाकाकूंच्या हाती दिलं आणि सांगितलं, "हिला रिकामी ठेवू नकोस." थोड्याच दिवसांत ती महामारी आली, वर्ग पडद्यावर गेला आणि मी बाल्कनीत. काकूंचे यजमान नंदूकाका एक दिवस बाल्कनी आवरत होते. त्यांनी मला उलटंपालटं केलं आणि खूश होऊन म्हणाले, "अरे वा, भोकसुद्धा पाडलेलं आहे. आयती कुंडी!" माझ्यात माती भरली आणि कढीपत्ता लावला. एका अर्थी मला रिकामी ठेवलं नाही, हे खरं. कढीपत्त्यावर माझा राग नाही. तो बिचारा जगायला आला होता, इथे सगळेच त्यासाठी येतात. पण त्याची मुळं माझ्या ब्राँझच्या नळीत शिरली आणि माझा श्वास कोंडला. वर्ग पुन्हा हॉलमध्ये भरू लागला, तरी माझी आठवण कुणाला झाली नाही. दोह्याच्या उन्हाळ्यात बाल्कनीत दिवस काढणं काय असतं, ते मला विचारा.

माझी आठवण काढली ती रुथनं. रुथ तेरा वर्षांची, आठवीत. वसईच्या रॉबर्ट आणि जुलियाची मुलगी. जुलिया नर्स आहे आणि रॉबर्ट मेसईदच्या खताच्या कारखान्यात सोळा वर्षं फिटर. रुथला घरातलं मराठी अक्षर न्‌ अक्षर समजतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. ही मुलगी वर्गाचं पुस्तक परत करायला काकूंच्या घरी आली होती. बाल्कनीच्या दारात तिनं मला पाहिलं आणि ती एकदम थांबली.

"काकू, हे ते ग्रीक पॉट आहे ना? धिस इज नॉट फॉर प्लांट्स!"

मित्रांनो, साडेतीन वर्षांनी कुणीतरी खरं बोललं.

"आय वाँट टु फाइल अ केस," रुथ म्हणाली.

"कुणावर गं?"

"डॅडीवर."

काकूंनी तिच्याकडे नीट पाहिलं. पोरीचा खालचा ओठ दाताखाली होता, पण डोळे कोरडे होते. "नियम माहीत आहे ना? नोटीस तू स्वतः द्यायची, दोन साक्षीदारांसमोर. तोवर मी कुणाला काही बोलणार नाही."

आणि इथेच पुढचा घोटाळा झाला. त्या संध्याकाळी रॉबर्ट रुथला न्यायला आला. काकूंनी कढीपत्ता तेलाच्या डब्यात हलवला आणि मला त्याच्या हातात दिलं. "रॉबर्टभाऊ, तेवढी हिची चोच मोकळी करून द्या. तुमच्या हाताला जमेल." त्याला काय माहीत, की ज्या घड्याळावर त्याच्या विरुद्धचा खटला चालायचा तेच तो घरी घेऊन निघालाय!

रॉबर्ट भला माणूस. त्याच्या हाताला यंत्रं वश आहेत, फक्त शब्द वश नाहीत. त्यानं मला ओट्यावर घेतलं, मऊ ब्रशनं घासलं, मुळं एकेक करून चिमट्यानं ओढून काढली. इतक्या मायेनं मला स्टाव्रुलाबाईंनंतर कुणी हात लावला नव्हता. मग त्यानं टॉर्चनं नळीत पाहिलं. नळी अरुंद. फिटरच्या मनात फिटरचाच विचार येणार. अरुंद म्हणजे चोकअप, आतून थर चढलाय. त्यानं ड्रिल काढलं.

"रॉबर्ट, ते फुटेल," जुलिया म्हणाली.

"नाही फुटत. पाच एमएमचं दिसतंय, सहाचं बिट फिरवतो. बघ आता फ्लो!"

मी आतून कितीतरी ओरडले, पण मातीचा आवाज कोण ऐकतो? त्यानं पाणी ओतलं आणि धार जाडजूड पडली. "एक नंबर!" तो म्हणाला, आणि मला पुसून घरातल्याच हॉलमध्ये नेऊन ठेवलं. सोळा वर्षांत कुठलीही नळी मोकळी करताना त्याला कुणी सांगितलं नव्हतं, की हळू वाहणं हेच एखाद्या नळीचं काम असू शकतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मेसईदची बस त्याला संध्याकाळी घरापाशी सोडून गेली. तो वर येऊन बूट काढतोय तोच रुथ समोर उभी राहिली. तिच्या दोन बाजूंना वर्गातली स्टेफी आणि शैलजाकाकूंचा अर्णव, साक्षीदार म्हणून. रुथनं दोन्ही हातांनी कागद पुढे केला.

"रुथ विरुद्ध रॉबर्ट?" रॉबर्ट हसला. मग पुढे वाचत गेला आणि हसू मावळलं. तक्रार एका ओळीची होती: 'मला न विचारता मला वसईला पाठवायचं ठरवलं.'

ते खरं होतं. त्याच्या कारखान्यातल्या शशिकांतचं काँट्रॅक्ट अचानक संपलं आणि त्याच्या मुलाला ऐन दहावीत वर्ष अर्धवट टाकून गावी जावं लागलं, तेव्हापासून रॉबर्टच्या मनात भीती बसली होती. आपल्या मुलीचं तसं होऊ नये. नववीपासूनच वसईत बहिणीकडे ठेवावी, तिथेच शिकावी. रुथच्या शाळेतून दाखला काढण्याचा फॉर्म भरून तयार होता. पुढच्या रविवारी द्यायचा होता. कोर्ट होतं त्याच्या आधीच्या शुक्रवारी.

"घरातली गोष्ट कोर्टात न्यायची?" तो जुलियाला म्हणाला.

"घरात तू बोलतोस कुठे?" जुलियानं पोळी उलटली. "तिनं चार वेळा विषय काढला. चारही वेळा तू एसीचा फिल्टर साफ करायला घेतलास."

 रॉबर्टनं कागदाची घडी करून खिशात ठेवली. त्या कागदाच्या खालच्या बाजूला रुथनं कोर्टाचे सगळे नियम सुवाच्य अक्षरात लिहून काढले होते, अगदी स्टाव्रुलाबाई चाक थांबवून सांगत त्या रीतीसकट.

तो आठवडा रुथनं माझ्यासमोर उभं राहून सराव केला. किचनमधला टायमर लावायची आणि बोलायची. पहिल्या दिवशी नऊ मिनिटं झाली. तिनं काटछाट केली. सात झाली. शेवटी बरोबर सहा. प्रश्न, कारणं आणि सगळ्यात शेवटी साक्षीदाराचा जबाब, अशी तिनं मांडणी केली होती. आणि सगळं मराठीत! अडलेल्या शब्दापाशी थांबायची, आईला विचारायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. माझ्यात पाणी भरून एकदा जरी सराव केला असता तरी घोटाळा उघड झाला असता. पण गालिचा भिजेल म्हणून जुलियानं नको म्हटलं.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर रस्ते मोकळे झाले आणि हॉल भरला. तेवीस मुलांतून पंधरा पंच चिठ्ठ्या काढून निवडले. प्रत्येकाला एक मणी आणि एक गोटी दिली. मण्याला भोक असतं, तो तक्रार करणाऱ्याचा. गोटी भरीव, ती उत्तर देणाऱ्याची. मूठ बंद करून एक डब्यात टाकायची, दुसरी पिशवीत, म्हणजे कुणाचं मत कुणाला, ते कळत नाही. माझ्या चोचीपाशी नमिता बसली. ती दहा वर्षांची, पण लाकडी बूच हातात आलं की तिचा तोरा न्यायाधीशाचा.

रुथ उभी राहिली. नमितानं बूच काढलं.

"माझं म्हणणं असं आहे," रुथ म्हणाली, "की मला जायची भीती नाही. आत्या चांगली आहे. मला वसई आवडते. पण मला कुणी विचारलं नाही. डॅडी म्हणतो, जॉबचं काही सांगता येत नाही. मान्य. पण जे अजून झालं नाही त्याच्यासाठी मी आत्ताच का जायचं?"

 ती एकेक मुद्दा घेत होती, आवाज जराही न चढवता. आणि माझ्यातून पाणी धो धो पळत होतं. मी जिवाच्या आकांतानं ते धरून ठेवायला बघत होते. पण मित्रांनो, भोक मोठं झालं की इच्छा लहान पडते.

"आता माझा साक्षीदार," रुथ म्हणाली आणि तिनं दुसरा कागद उघडला. त्याच क्षणी माझी धार तुटली. थेंब, थेंब, आणि काही नाही.

"पाणी खलास!" नमिता ओरडली.

रुथनं माझ्याकडे पाहिलं. "पण मी टायमर लावला होता. सिक्स मिनिट्स. बरोबर सिक्स होती."

शैलजाकाकूंचा चेहरा उतरला, पण त्या म्हणाल्या, "बाळा, पाणी संपलं की बोलणं संपलं. सगळ्यांना नियम एकच आहे."

रडेल, असं मला वाटलं. ती रडली नाही. तिनं कागदाची घडी घातली, ती नखानं दाबून पक्की केली आणि जाग्यावर जाऊन ताठ बसली. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. कुंडी होते तेव्हासुद्धा नाही.

मला पुन्हा भरलं. रॉबर्ट उभा राहिला. त्याच्या हातात एक कागद होता, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. नमितानं बूच काढलं. त्यानं तोंड उघडलं आणि त्याची नजर माझ्या चोचीवर गेली. त्या धारेकडे तो जसा पाहत राहिला तसं फक्त फिटरच पाहू शकतो.

"पाणी थांबव, नमिता."

"जबाब असेल तरच थांबवायचं, अंकल."

"जबाबच आहे. माझा. कबुलीचा."

नमितानं बूच लावलं.

"ही नळी पाचची होती," रॉबर्ट म्हणाला.  "मी सहाची केली. मला वाटलं चोकअप आहे. तिची दोन मिनिटं मी खाल्ली. तिची चूक नाही."

एकच गलका झाला. काकूंनी मोबाईल काढला. "मग सोपं आहे. तिला दोन मिनिटं मोबाईलवर देऊ या."

"नको, ताई." रॉबर्टनं खिशातली नोटीस काढली. तिच्या घड्या झिजल्या होत्या, आठवडाभरात त्यानं ती किती वेळा वाचली असेल कोण जाणे. खालच्या ओळीवर बोट ठेवून तो मुलीकडे वळला. "रुथ, माझ्या पाण्यात बोल."

"किती?"

"सगळं. हे मी लिहिलंय ते राहू दे."

अडीच हजार वर्षं, मित्रांनो! माझ्या खापरपणजीसमोर हे शब्द कितीदा उच्चारले गेले असतील, पण कुणा बापानं आपल्या लेकीला म्हटले नसतील. तिथे लेकीला उभंच राहता येत नव्हतं. मी मनात म्हटलं, स्टाव्रुलाबाई, बघा.

रुथनं जबाब वाचायला घेतला. तो आजीचा होता, फोनवर सांगितलेला, रुथनं मराठीत लिहून घेतलेला. जबाब होता म्हणून बूच लागलेलंच राहिलं.

"'मी रॉबर्टची आई. देवाला साक्षी ठेवून सांगते. रॉबर्टचे वडील बहारीनला होते. दोन वर्षांनी एकदा यायचे. रॉबर्ट पाच वर्षांचा असताना मी त्याला घेऊन मुंबईच्या विमानतळावर गेले. वडील जवळ आले तेव्हा तो माझ्या मागे लपला आणि म्हणाला, हे अंकल कोण? पूर्ण सुट्टीभर तो त्यांना अंकल म्हणत होता. ते कधी रागावले नाहीत. पण परत जायच्या दिवशी त्यांनी मला विचारलं, पुढच्या खेपेला तो मला ओळखेल ना? हे मी रॉबर्टला आजवर सांगितलं नव्हतं.'"

रुथनं नमिताला खूण केली. पाणी सुरू झालं.

"डॅडी, वर्षातून तीस दिवस तू येशील. चार वर्षांचे एकशे वीस दिवस. मी तुला अंकल नाही म्हणणार, मी मोठी आहे. पण तू मला ओळखशील का? आय विल बी डिफरंट. कधीच पाठवू नको असं मी म्हणत नाही. दहावीपर्यंत राहू दे. आणि जे ठरवशील ते मला विचारून ठरव. एवढंच."

ती बसली. माझ्यात अजून बरंच पाणी होतं. बूच लावायचं नमिताला सुचलं नाही आणि कुणी तिला सांगितलंही नाही. सगळे जण ते पाणी पडताना ऐकत बसले. रॉबर्ट उभाच होता. त्याचे दोन्ही हात बाजूला लोंबत होते आणि गालांवरून जे वाहत होतं त्याला बूच नव्हतं.

मग पंच उठले. डबा वाजत गेला. काकूंनी मोजलं. सात मणी, आठ गोट्या.

निकाल रॉबर्टच्या बाजूनं लागला होता!

मी संतापानं तडकायचीच बाकी होते. एक पंच दुसऱ्याच्या कानात कुजबुजला, "अंकल किती गोड ना, सगळं पाणी देऊन टाकलं!" बघा, म्हणजे बोलली पोरगी आणि जिंकला गप्प बसलेला बाप. सॉक्रेटिसाच्या वेळी खापरपणजीला काय वाटलं असेल, ते त्या दिवशी मला कळलं.

रुथ उठली. तिचा रंग उडाला होता, तरी ती चालत वडिलांपाशी गेली आणि तिनं हात पुढे केला. "फाइन. निकाल म्हणजे निकाल."

रॉबर्टनं तो हात धरला आणि सोडला नाही. "शैलजाताई, निकाल माझ्या बाजूनं म्हणजे ठरवायचं मी, बरोबर?"

"बरोबर," काकू कष्टानं म्हणाल्या.

"मग ऐका. रविवारी तो फॉर्म जाणार नाही. रुथ दहावीपर्यंत इथेच राहील." तो थांबला. आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण करत होता बिचारा. मग मुलीकडे बघून म्हणाला, "चालेल ना? विचारतोय."

रुथनं होकाराची मान हलवली. आता मात्र ती रडत होती.

"आणि मध्येच माझं काँट्रॅक्ट गेलं तर?"

"मग परत कोर्ट," रुथ नाक पुसत म्हणाली. "यल्ला, घरी चल."

पुढच्या शनिवारी रॉबर्टनं माझ्यासाठी पितळेची नवी नळी बसवली, आतून बरोबर पाचची. तीन वेळा पाणी भरलं, तीन वेळा घड्याळ लावलं. पहिल्या दोन खेपांना काही सेकंद कमी भरले, तर नळीचं तोंड त्यानं अगदी हलक्या हातानं दाबलं. तिसऱ्या खेपेला बरोबर सहा मिनिटं झाली. रुथ शेजारी बसून मोजत होती आणि गालिचा भिजला तरी जुलिया काही बोलली नाही.

तर मित्रांनो, तुम्हाला कुठे एखादी विचित्र, भोक असलेली, जुनी वस्तू सापडली तर तिच्यात झाड लावण्याआधी तिचं काम काय होतं ते कुणाला तरी विचारा. तिची नळी साफ कराच, पण मोठी करू नका. आणि आपल्या घरात कुणाचं पाणी लवकर संपतं, इकडे जरा लक्ष ठेवा. कदाचित भोक तुम्हीच मोठं केलेलं असेल, तेही चांगल्या मनानं. तसं दिसलं तर लाजू नका, आपल्या वाट्याचं पाणी पुढे करा.

माझी धार आता बारीक झाली आहे. थेंब उरलेत. मी गप्प बसते, आता तुम्ही बोला.